डिझेल उतरवताना: हायड्रोमीटर की प्रयोगशाळा?

टँकर दारात उभा, ड्रायव्हरला घाई. अशा वेळी डिझेल ठीक आहे का, याचं उत्तर हायड्रोमीटर, म्हणजे द्रवात तरंगून घनता दाखवणारं उपकरण, काही मिनिटांत देतो. काचेच्या जारमध्ये डिझेल घ्या, घनता आणि तापमान एकदमच वाचा, तक्त्यावरून १५ अंश सेल्सिअसची घनता काढा आणि चलनावरच्या (टँकरसोबत येणाऱ्या कागदावरच्या) आकड्याशी ताडून बघा. तापमान विसरलात तर सगळं मुसळ केरात: एका अंशामागे घनता साधारण ०.७ किलो प्रति घनमीटरने सरकते. जार उजेडात धरला की गढूळपणाही दिसतो. टाकीच्या तळाचं पाणी शोधायचं असेल तर डिपरॉडला, म्हणजे पातळी मोजायच्या काठीला, वॉटर पेस्ट लावा; पाणी लागलं की या पेस्टचा रंग बदलतो.

पण थोडंसं रॉकेल मिसळूनही घनता मर्यादेतच राहिली, तर हायड्रोमीटर गप्प. तिथे प्रयोगशाळाच हवी: फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला डिझेलची वाफ ठिणगीने पेट घेते), सल्फर, विरघळलेलं पाणी. अडचण एवढीच, की अहवाल येईपर्यंत माल टाकीत मिसळून गेलेला असतो.

मी म्हणेन, रोजच्या मालाला हायड्रोमीटर पुरे, पण प्रत्येक टँकरचा सीलबंद नमुना जपून ठेवा. वाद झाला की तीच बाटली तपासायला जाते. जनरेटरसाठी महिनोन्‌महिने साठवलेल्या डिझेलला मात्र प्रयोगशाळा टाळू नका. तळाच्या पाण्यात जंतू वाढून फिल्टर चोंदतात, आणि घनता तेव्हाही ठीकच दिसते.