साठीनंतरची हात-पायदुखी: कायरोप्रॅक्टर बरा की फिजिओथेरपिस्ट?

गुडघ्यासाठी फिजिओथेरपिस्ट आधी, कायरोप्रॅक्टर, म्हणजे सांध्याला हाताने झटका देऊन उपचार करणारा, लागलाच तर जोडीला. कमरेतून पायात उतरणाऱ्या दुखण्याला दोघंही चालतील, पण हाडं मजबूत असतील तरच. मानेला झटका देऊ पाहणारा कोणीही असो, साठीनंतर त्याला नको म्हणा. आमचं मत थोडक्यात एवढंच. ते कशावरून, आणि कोणतं दुखणं नेमकं कुठे न्यावं, ते पुढे पाहू.

आधी दोघांच्या हातांत फरक काय तो बघा. कायरोप्रॅक्टिकची सुरुवात १८९५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डी. डी. पामर यांनी केली. मणक्याचे सांधे हाताने हलवून शरीर सुधारायचं, ही मूळ कल्पना. आज बरेच कायरोप्रॅक्टर गुडघा, घोटा, खांदा, मनगट यांवरही काम करतात. त्यांची खास पद्धत म्हणजे सांधा त्याच्या हालचालीच्या टोकापर्यंत न्यायचा आणि तिथे छोटा पण जलद झटका द्यायचा. तेव्हा जो ‘कट्’ आवाज येतो तो सांध्यातल्या वंगणात वायूची पोकळी तयार झाल्याचा असतो. सरकलेलं हाड जागेवर बसल्याचा तो पुरावा नाही आणि आवाज आला नाही म्हणून उपचार फसला असंही नाही. झटक्यानंतर स्नायू थोडे सैल पडतात, दुखणं काही तास ते काही दिवस हलकं वाटतं. हा फायदा खरा आहे, फक्त टिकत नाही.

फिजिओथेरपिस्टही सांधे हाताने हलवतात, बहुधा झटक्याविना, हळूहळू लय धरून. पण त्यांचं मुख्य काम ताकद, तोल आणि हालचाल परत आणण्याचं. निदान असायला तरी तसं हवं. आपल्याकडे घोळ इथेच होतो. ‘दहा दिवस शेक’ लिहून दिला जातो, रोज वीस मिनिटं मशीनचे पॅड लावले जातात आणि व्यायामाचा कागद शेवटच्या दिवशी हातात पडतो. कोणते उपचार द्यावेत हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने ऑक्टोबर २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेवर मार्गदर्शिका काढली. तिच्यात अल्ट्रासाउंड, टेन्स, आयएफटी यांसारखे विजेचे उपचार देऊ नका असं स्पष्ट म्हटलं आहे, कारण फायद्याचा पुरेसा पुरावा नाही. तेव्हा ‘फिजिओ करून बघितलं, फरक पडला नाही’ असं कोणी म्हटलं की आधी विचारावं: व्यायाम किती केले, की नुसता शेकच घेतला? नुसता शेक घेतला असेल तर फिजिओथेरपी अजून सुरूच झालेली नाही.

गुडघा

पंचेचाळिशीपुढे, चालल्या-उठल्यावर दुखणारा आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत जाणारा गुडघा बहुतेक वेळा झिजेचाच असतो. त्यासाठी दर वेळी एमआरआय लागत नाही. जगभरच्या मार्गदर्शिका एका गोष्टीवर एकमताने ठाम आहेत: व्यायाम, आणि वजन जास्त असेल तर ते उतरवणं. १ किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने उतरतो. हाताने केलेल्या उपचारांवर मात्र मतभेद आहेत. नाइस म्हणते, खुबा आणि गुडघ्यासाठी ते व्यायामाच्या जोडीला द्यायला हरकत नाही, एकटे नको. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या २०१९ च्या शिफारशी तर म्हणतात की व्यायामाला हाताच्या उपचारांची जोड देऊन फारसा जादा लाभ दिसत नाही. म्हणजे कायरोप्रॅक्टरचा हात लागून गुडघा आठ दिवस हलका वाटला, तर त्या आठ दिवसांत मांडीचे स्नायू घडवा. ते केलं नाही तर नवव्या दिवशी पुन्हा तेच टेबल.

मुख्य व्यायाम खुर्चीचा. हात नसलेली, साधारण १७ इंच उंच, भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या. पावलं खांद्याइतकी फाकवून, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुका आणि उठा. खाली बसताना मनात तीन मोजा, धपकन बसू नका. स्नायूला खरं काम या उतरण्यातच पडतं. ८ ते १० वेळा, एक मिनिट थांबून तीन फेऱ्या, एक दिवसाआड. जमत नसेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा. सोपं झालं की उशी काढा. गुडघे आत एकमेकांकडे वळत असतील तर ते बाहेर ठेवण्याकडे लक्ष द्या, त्या वळण्यानेच दुखणं वाढतं.

दुखतंय म्हणून बहुतेक जण चौथ्या दिवशी सोडून देतात. नियम असा: व्यायाम करताना दहापैकी चार-पाचपर्यंत दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर यायला हवं. आलं नाही किंवा गुडघा सुजला तर पुढच्या खेपेला फेऱ्या निम्म्या करा, बंद करू नका. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून चालणाऱ्या ग्लॅड कार्यक्रमात गुडघा-खुब्याच्या रुग्णांना माहितीच्या दोन बैठका आणि आठवड्यातून दोनदा असे सहा आठवडे बारा व्यायामवर्ग देतात. तुमच्या फिजिओथेरपिस्टकडे असाच मर्यादित, चढत्या पायरीचा आराखडा मागा.

काठी घ्यायची असेल तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. तिची मूठ, हात सरळ सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तेवढ्या उंचीला असावी. दुखऱ्याच बाजूला काठी धरून चालणारी माणसं प्रत्येक बागेत दिसतात आणि काठीचा अर्धा उपयोग वाया जातो. उकिडवं बसणं, जमिनीवर मांडी घालणं काही महिने आवरतं घ्या. कमोडची उंची वाढवणारी सीट बाजारात मिळते.

कमरेतून पायात येणारी कळ

कायरोप्रॅक्टरची बाजू सर्वांत भक्कम आहे ती इथे. वयाबरोबर मणक्यातली नसांची वाट अरुंद होते. चालताना पाय भरून येतात आणि बसल्यावर किंवा बाजारातल्या ट्रॉलीवर वाकून चालल्यावर बरं वाटतं. अशा साठीपुढच्या २५९ रुग्णांवर अमेरिकेत झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. हाताचे उपचार आणि वैयक्तिक व्यायाम दोन्ही घेणाऱ्यांत, चालण्याची क्षमता ठळकपणे सुधारलेल्यांचं प्रमाण दोन महिन्यांनी इतर दोन गटांपेक्षा जास्त होतं. सहा महिन्यांनी मात्र तिन्ही गट सारखेच. ते उपचार कायरोप्रॅक्टर आणि फिजिओथेरपिस्ट दोघांनीही दिले होते. म्हणून इथे पाटी कोणती यापेक्षा व्यायाम सोबत मिळतो का, ते बघून ठरवा.

एक गल्लत मात्र महागात पडते. पोटरी चालताना आवळते आणि नुसतं *उभं* राहिल्यावर काही मिनिटांत सुटते, वाकायची गरज पडत नाही, तर संशय पायाच्या रक्तवाहिन्यांवर घ्या. मधुमेह, तंबाखू किंवा विडी-सिगारेट असेल तर विशेषच. पावलावरच्या नाडीची तपासणी डॉक्टरकडून करून घ्या. मणका मोडून-वाकवून ते दुखणं जाणार नाही आणि मौल्यवान महिने जातील.

खांदा, हात, तळपाय

खांद्याला आधी ओळख पटवा. कोपर कुशीला चिकटवून पंजा बाहेरच्या बाजूला वळवा. दुसऱ्याने वळवला तरी वळत नसेल तर खांदा आखडलेला आहे, मधुमेहींमध्ये हे फार आढळतं. सुरुवातीच्या ठणक्याच्या काळात जोराने ओढून खांदा मोकळा करायला जाणं, मग ते कायरोप्रॅक्टर करो की फिजिओथेरपिस्ट, दुखणं वाढवतं. त्या टप्प्यावर सांध्यातलं स्टिरॉइडचं इंजेक्शन आणि सौम्य हालचाल जास्त उपयोगी. इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते, तेव्हा तपासत राहा. पडल्यानंतर हात एकदम उचलेनासा झाला, पण दुसऱ्याने उचलला तर वर जातो, तर स्नायूबंध तुटलेला असू शकतो. तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञ, लवकर.

रात्री अंगठा ते मधल्या बोटाला मुंग्या येऊन जाग येते, हे बहुधा मनगटात दबलेल्या शिरेचं. झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा सहा आठवडे वापरून बघा. त्यासाठी मान कडाकडा मोडून घेऊ नका. दोन्ही तळपायांची आग होत असेल तर साखर आणि बी-१२ तपासा, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या शाकाहारी माणसाने तर नक्कीच.

झटका कोणी टाळायचा

हाडांचा ठिसूळपणा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर हा आकडा उणे २.५ किंवा त्याहून खाली, बऱ्याच महिन्यांपासून स्टिरॉइडच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा अपिक्साबॅनसारखी औषधं, आमवात, कर्करोगाचा इतिहास, पोटातली फुगलेली महाधमनी: यांतलं काहीही असेल तर झटक्याचे उपचार नकोत. मानेच्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना क्वचित पण नोंदलेल्या आहेत, आणि पायाच्या दुखण्यासाठी मानेला हात लावायचं कारणच नाही. ‘झटक्याविना, हलक्या दाबाने कराल का?’ असा प्रश्न विचारा. चांगला कायरोप्रॅक्टर आढेवेढे न घेता हो म्हणतो. लघवी अडणं, जांघेत-बैठकीत बधिरपणा, एकाच पोटरीला सूज व ठणका, डाव्या हातातल्या कळेबरोबर घाम किंवा धाप, यांत दोघांनाही वगळून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पदवी, पैसे, मोजमाप

महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी २००२ च्या कायद्याखालच्या राज्य परिषदेकडे होते. नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच नको. कायरोप्रॅक्टरसाठी भारतात असा वेगळा कायदा नाही. त्यामुळे त्याने अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी पूर्ण वेळ पदवी घेतली आहे की काही दिवसांचा कोर्स केला आहे, हे तुम्हालाच विचारावं लागतं. ब्रिटनमध्ये जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलची यादी सर्वांना पाहता येते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या ज्येष्ठांनी एक ध्यानात ठेवावं: तिथला मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा कायरोप्रॅक्टरकडच्या फक्त मणक्याच्या हस्तोपचाराचा खर्च उचलतो, गुडघ्याचा-खांद्याचा नाही.

वीस-तीस बैठकांचं पॅकेज आगाऊ विकत घेऊ नका, कोणाकडेही. चार ते सहा आठवडे द्या आणि मोजा. त्याच खुर्चीवर, हात छातीवर घडी घालून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता ते पहिल्या दिवशी लिहून ठेवा. ६५ ते ६९ वयात बाईमाणसाचे ११ आणि पुरुषाचे १२ व्हायला हवेत; कमी भरले तर पडण्याचा धोका वाढलेला समजा. सोबत, न थांबता किती मिनिटं चालता आलं आणि रात्री दुखण्याने जाग येते का, एवढं टिपा. सहा आठवड्यांनी आकडा हललाच नाही तर उपचार बदला. आकडा वाढला पण दुखणं तेवढंच आहे, तर अजून सहा आठवडे चालू ठेवा, कारण ताकद आधी येते आणि आराम मागाहून. आणि नीट व्यायाम करूनही रात्रीची झोप मोडत असेल, पाय सरळ होत नसेल, घरातल्या घरात फिरणंही अवघड झालं असेल, तर सांधा बदलण्याबद्दल अस्थिरोगतज्ज्ञाशी बोला. तोवर घडवलेली मांडी शस्त्रक्रियेनंतर चालायला लवकर साथ देते.