तरुण संघाला घेऊन हुरड्याला: करमाडच्या अलीकडचं शेत

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. चर्चच्या मंडळीतल्या तरुण संघाला एक दिवस बाहेर न्यायचं असेल आणि रिसॉर्टचा खर्च झेपत नसेल, तर हे शेत बिनधास्त घ्या. फक्त रविवारी घेऊ नका आणि स्पीकरचं आधी बोलून ठेवा. पाचपैकी चार तारे.

आम्ही जालन्याचे. नाताळ आणि ३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना यांच्या मधल्या दिवसांत गेलो, आणि ते दिवस मुद्दाम निवडले होते. डिसेंबर लागला की आमच्याकडे आगमनकाळाचे, म्हणजे नाताळच्या तयारीचे, चार रविवार नावापुरतेच उरतात. रात्री उशिरापर्यंत घरोघरी गाणी म्हणत कॅरल राउंड, नाटकाची तालीम, गव्हाणीचा देखावा, स्टेज, क्रिकेटचे सामने, प्रीतिभोजनाची वर्गणी, सगळं तरुण संघाच्या डोक्यावर. २५ तारखेच्या उपासनेला अर्धी पोरं मागच्या बाकावर पेंगत असतात. आणि एवढ्यावर आपण त्यांना उज्जीवन, म्हणजे विश्वास ताजा करायचा, म्हणून पुन्हा तीन रात्रींच्या सभेला बसवतो, तेही बाहेरगावचा वक्ता बोलावून. यंदा मी कमिटीत म्हटलं, सभा नको, वक्ता नको, या लेकरांना एक दिवस कुठंतरी नुसतं बसू द्या. आमच्या पाळक साहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, लगेच होकार दिला. कमिटीतले दोघंजण अजून माझ्याशी तुटकच बोलतात.

जालन्याहून निघालं की बदनापूर मागे टाकायचं आणि करमाड यायच्या आत डावीकडे कच्च्या रस्त्याला लागायचं. पाटी लहान आहे, चुकते. आम्ही तीसेक जण तीन क्रूझरमध्ये होतो. मोठी बस आत वळणार नाही, त्या फंदात पडू नका.

माणशी साडेतीनशे रुपये. त्यात सकाळचे पोहे-चहा, हुरडा, दुपारचं जेवण आणि निघताना पुन्हा चहा. हुरड्याला हात आखडता घेत नाहीत, हे या शेताचं पहिलं वैशिष्ट्य. शहराजवळच्या काही ठिकाणी द्रोणात दोन मुठी टाकतात आणि मग शेव-रेवड्यांवर पोट भरायला सांगतात. इथं गोवऱ्यांची आगटी दोन ठिकाणी पेटवलेली, भोवती गोणपाटं अंथरलेली, आणि तीन बाया कणसं आरातून काढून गरमागरम हातावर चोळत होत्या. दाणे हिरवे, दुधाळ, पण पाणचट नाहीत. मालकांनी सांगितलं की एका वावरात सुरती आहे आणि दुसऱ्यात परभणीच्या कृषी विद्यापीठाचं वाण, परभणी वसंत. आम्ही दोन्ही खाल्लं. सुरती जास्त गोड लागली, पण पोरांचं मत उलट पडलं. सोबत खोबऱ्या-लसणाची चटणी, तिळाची चटणी, दही, गूळ, बोरं, हरभऱ्याचे डहाळे. तिळाची चटणी घरच्यासारखी. दही मात्र आंबट होतं, तिथं कंजूषपणा झालाय.

दुपारी बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, झिरकं, ठेचा, ताक. जेवण शुद्ध शाकाहारी आहे आणि त्यात तडजोड नाही. आमच्यातले काहीजण नाताळच्या आठवड्यात चिकन नाही म्हणून तोंडं पाडून बसले होते. भरीत आल्यावर त्यांची तोंडं आपोआप सरळ झाली.

मालकांच्या घरी माळकरी मंडळी. आम्ही जाताना फराळाची ताटं नेली होती, करंज्या, अनारसे, चकल्या, आणि बेकरीतून एक प्लम केक. आजींनी केकाकडे बोट दाखवून सरळ विचारलं, "ह्यात अंडं हाय का गं?" मी म्हटलं, हाय, आजी. मग त्यांनी करंज्या आणि अनारसे ठेवून घेतले आणि केक हसत परत दिला. ना त्यांना अवघडलं ना आम्हाला. तुम्ही जाणार असाल तर बिनअंड्याचा न्या, म्हणजे तोही खपेल.

आता मुख्य गोष्ट, जागा. आंब्याच्या चार जुन्या झाडांखाली शेणानं सारवलेलं मोठं अंगण आहे आणि त्याच्या पलीकडे ज्वारीच ज्वारी. स्टेज नाही, खुर्च्या नाहीत. सकाळी प्रार्थना झाल्यावर मी सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत गोळा केले आणि प्रत्येकाला तासभर एकट्यानं बांधावर कुठंही बसायला सांगितलं. कागद-पेन दिलं, पण लिहायची सक्ती नाही. मालकांना ही कल्पना विचित्र वाटली असणार, तरी त्यांनी विहिरीची मोटार बंद ठेवली आणि गड्यांना त्या बाजूला जाऊ दिलं नाही. एवढी समज मला पैसे घेऊन सेवा देणाऱ्या कुठल्या हॉलवाल्यात दिसलेली नाही. पहिली दहा मिनिटं पोरं एकमेकांना खडे मारत होती. नंतर शांत झाली. दोघं चक्क झोपले, मी उठवलं नाही.

आमच्या संघातल्या बऱ्याच जणांची मुळं बेथेल गावात. पुढं मिशनरी झालेल्या नारायण शेषाद्रींनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढं ते जालन्यात आले आणि निजामाच्या राज्यात जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ ते ख्रिस्ती गाव वसवलं. त्यांच्या मंडळीची पणतवंडं आज स्टीलच्या कारखान्यात, बियाण्यांच्या कंपन्यांत, दवाखान्यांत आहेत. एकीनं ज्वारीच्या ताटाला मका म्हटलं तेव्हा चोळणाऱ्या बाया लोटपोट हसल्या.

बायबल अभ्यास आम्ही आगटीजवळच घेतला. लूकच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायाची सुरुवात: येशूचे शिष्य शेतातून जाताना कणसं मोडून हातावर चोळून खातात आणि परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारे यहूदी, हरकत घेतात. चर्चच्या बाकावर हे वाचलं की पोरांना वाटतं, शिष्यांनी चोरी केली म्हणून ओरडा पडला. तसं नाही. दुसऱ्याच्या उभ्या पिकातली कणसं हातानं तोडून खायची मुभा मोशेच्या नियमशास्त्रातच आहे, बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात. विळा मात्र लावायचा नाही. हरकत होती ती शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवशी काम केल्याची. आणि तीच गोष्ट मार्क सांगतो तेव्हा प्रभू म्हणतो की शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही. पोरांनी स्वतः कणसं चोळून पाहिली, तळहात भाजले, कुसं टोचली, फुंकर मारताना अर्धे दाणे उडाले. त्यानंतर एक मुलगा म्हणाला, "ताई, मग आपला डिसेंबर कुणासाठी झालाय?" यावर जी चर्चा रंगली ती जेवणाची ताटं येईपर्यंत थांबली नाही. पुढच्या वर्षी कॅरल कमी घरी, पण आजारी आणि एकट्या माणसांच्या घरी आधी, असं त्यांनीच ठरवलं. नाटक ठेवायचं की नाही यावर मात्र भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. मला त्यात वाईट काही दिसत नाही. शेवटच्या बाकावरची पोरं उपासनेबद्दल भांडतायत, हे आमच्याकडे बऱ्याच काळानं घडलं.

एक तारा कापला तो स्पीकरसाठी. दुपारी दुसरा एक ग्रुप आला आणि आगटीजवळचा मोठा स्पीकर सुरू झाला. आम्ही साक्षी, म्हणजे आपापले विश्वासाचे अनुभव सांगणं, सुरू केलं होतं. एक मुलगी वडिलांच्या आजारपणाबद्दल बोलत होती आणि मागून ढणढणाट. मालकांना सांगितल्यावर आवाज कमी केला, बंद नाही. त्या लोकांनीही पैसे भरलेत, असं म्हणाले. खरंच आहे. आम्ही उठून विहिरीपलीकडे गेलो. पण बुकिंग करतानाच त्यांनी हे सांगायला हवं होतं. रविवारी तर दोन-तीन ग्रुप असतात म्हणे.

बाकी किरकोळ. स्वच्छतागृहं दोनच, पण स्वच्छ. मुलींसाठी वेगळं मागितलं तर देतात. सावली भरपूर. पिण्याचं पाणी जारचं. डिसेंबरात सकाळी गारठा असतो, स्वेटर न्या. पैसे फोनवरून घेतात, पावती मागितली तर वहीच्या कागदावर देतात. आमच्या खजिनदारांना ती चालली नाही, म्हणून मालकांनी दुसऱ्या दिवशी शिक्क्याची पाठवली.

कुणी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, सुरुवातीला तरुणांचा दिवस घ्यायचा विचार करत असेल, तर फेब्रुवारीच्या मध्यानंतर इथं हुरडा मिळेलच असं धरू नका, दाणा कडक होतो. जेवण आणि जागा मिळते. अशा वेळी साडेतीनशे द्यायचं कारण नाही, दर आधीच उतरवून घ्या. मालक काका ऐकतात.