मखराला ५ व्होल्टची पट्टी की १२ची?

भाच्याने काल विचारलं, मामा गणपतीच्या मखराला कुठली एलईडी पट्टी घेऊ, तर दोन्ही वापरून झाल्यात म्हणून सांगतो. पाकिटावरचे वॅट आणि 'सुपर ब्राइट' सोडून दे.

करंट बघ आधी. ५ व्होल्टची डब्ल्यूएस२८१२बी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येणारी), मीटरला ६० दिवेवाली, फुल पांढऱ्यावर मीटरला साडेतीन अँपिअरपर्यंत ओढते. १२ व्होल्टची साधी ५०५० (५ बाय ५ मिमी दिव्यांची, सगळे एकदम लागणारे), तेवढेच दिवे, सव्वा अँपिअरच्या आसपास. जास्त करंटने व्होल्टेज वाटेतच पडतं, त्यामुळे ५वाली लांब लावली की शेवटाला पांढरा पिवळट, मग लालसर पडतो. माझ्या मखराची उजवी कमान अशीच कावीळ झाल्यासारखी दिसत होती, दुसऱ्या टोकालाही वायर दिली तेव्हा कुठे सुधारली. १२ला पाच मीटर एका टोकाने निभतं, थोडा फिकेपणा येतो पण चालतो.

कापायला ५वाली सोयीची, प्रत्येक दिव्यापाशी कापता येते, १२ची तीन-तीनच्या तुकड्यात. खर्च मात्र ५चाच जास्त, रंग बदलणारा कंट्रोलर वेगळा, पॉवर सप्लाय दणकट.

चिकटपट्टीवर दोन्हीकडे विश्वास नको, थर्माकोलवरून तिसऱ्या दिवशी सुटते.

नुसता उजेड हवा तर १२, रंग पळवायचेत किंवा छोटं काही पॉवरबँकवर चालवायचंय तर ५.