फोर-के बॉक्स, प्रोजेक्टर आणि भिंतीतली वायर: पाडवा ते दिवाळी वापरल्यावर

सांगलीत विश्रामबागेतल्या घरी पाडव्याला बसवलेला सेट: फोर-के स्ट्रीमिंग बॉक्स, एव्ही रिसीव्हर (बॉक्सचं चित्र प्रोजेक्टरला आणि आवाज स्पीकरला पोचवणारा डबा), पाच स्पीकर, सबवूफर आणि मागे छताला प्रोजेक्टर. आवाजाला तोड नाही, बॉक्सही झकास पळतो. लिहायचंय ते पडदा मध्येच काळा होण्याबद्दल, कारण या भानगडीत लोक चांगले बॉक्स परत करून टाकतात.

चित्र सेकंदभर जायचं, कधी पांढरे ठिपके चमकायचे. मिरजेच्या दाजींनी लगेच निकाल दिला, "नेट स्लो आहे." पण नेट कमी पडलं की चित्र धुरकट होतं नाहीतर गोल चक्र फिरतं, पडदा ठार काळा होऊन परत येत नाही. व्होल्टेज म्हणावं, तर हॉलमधले दिवे स्थिर.

खरी खूण वेगळीच होती. चित्रपट निवांत चालायचा. मेनूत आलं की फडफड सुरू. बॉक्सचं 'मॅच फ्रेम रेट' (चित्रपटाच्या वेगाशी पडद्याचा वेग जुळवणारी सोय) चालू असल्यामुळे चित्रपट 24 हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला 24 चित्रांनी जायचा, मेनू 60 ने. फोर-केचा 60 हर्ट्झचा पूर्ण रंगाचा, म्हणजे 4:4:4 सिग्नल सेकंदाला जवळपास 18 गिगाबिट मागतो, 24 हर्ट्झला साधारण निम्म्यात भागतं. रिसीव्हरपासून प्रोजेक्टरपर्यंत भिंतीतून गेलेली दहा मीटरची तांब्याची एचडीएमआय (चित्र-आवाज नेणारी वायर) तिथेच धापा टाकत होती. खात्रीसाठी स्टुलावर चढून बॉक्स छोट्या वायरने थेट प्रोजेक्टरला लावला: फडफड बंद. मग रिसीव्हर वगळून भिंतीतल्या वायरीवर लावला: पुन्हा तेच. म्हणजे दोष रिसीव्हरचा नव्हता.

पहिला उपाय फुकटचा. सेटिंगमध्ये 4:4:4 ऐवजी 4:2:0 (रंगाची माहिती कमी पाठवणारं) केलं. स्ट्रीमिंगचे चित्रपट मुळात 4:2:0 मध्येच येतात, त्यामुळे बारीक रंगीत अक्षरांच्या कडा सोडल्या तर फरक शोधूनही सापडत नाही. पावसाळा असाच काढला. एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणारं चित्र) लावल्यावर मात्र क्वचित झटका यायचा, म्हणून दसऱ्याला फायबरची, म्हणजे प्रकाशाने सिग्नल नेणारी एचडीएमआय घेतली.

इथल्या गणपती पेठेतल्या दुकानांत वायरीबद्दल विचारलं तर "फोर-केची आहे" एवढंच उत्तर मिळतं. तेवढ्यावर घेऊ नका. पाकिटावर 'प्रीमियम हाय स्पीड'चं (18 गिगाबिट पेलते याच्या खात्रीचं) स्कॅन होणारं लेबल बघा. फायबरच्या वायरीला दिशा असते: 'सोर्स' टोक रिसीव्हरकडे, 'डिस्प्ले' प्रोजेक्टरकडे, उलटी लावली तर चित्रच येत नाही. एचडीएमआयचं डोकं भिंतीतल्या पाइपच्या वळणात अडकत होतं आणि फायबर काटकोनात दुमडायची नाही, म्हणून इलेक्ट्रिशियनने सरळ भिंतीवरून पट्टीतून नेली. दिसायला बरी नाही, चालते उत्तम. त्यानंतर 4:4:4 वरसुद्धा एकदाही झटका नाही.

चित्रपट सुरू होताना आणि संपताना अजूनही क्षणभर काळोख होतो. तो फ्रेम रेट बदलल्याचा, बिघाड नव्हे. आईला दर वेळी लाईट गेली असं वाटतं! नको असेल तर 'मॅच फ्रेम रेट' बंद करता येतं, पण मग कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळतं. मी चालूच ठेवलंय.

बॉक्सला साडेचार तारे. अर्धा कापला तो रिमोटसाठी; अंधारात बटणं चाचपडावी लागतात.