सँटोरिनी की नाक्सोस? अवशेष बघायला निघालेल्यांसाठी

ग्रीसचं तिकीट काढलं, अथेन्सचे दोन-तीन दिवस धरले, की प्रश्न उरतो बेटाचा. रजा आणि खिसा एकाच बेटापुरता असेल तर बहुतेक जण डोळे झाकून सँटोरिनी म्हणतात. फोटोंनी आधीच निर्णय घेतलेला असतो. पण जुनं ग्रीस बघायला म्हणून निघाला असाल तर माझं मत नाक्सोसला. सँटोरिनीकडून बोलणारी एकच गोष्ट आहे, पण ती फार भारी आहे: अक्रोतिरी.

साडेतीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी इथला ज्वालामुखी फुटला आणि हे अख्खं गाव राखेखाली गेलं. १९६७ मध्ये पुरातत्त्वज्ञ स्पायरिडॉन मारिनातोस यांनी उत्खनन सुरू केलं. आज छपराखालच्या लाकडी वाटेवरून आपण दुमजली-तिमजली घरांमधून फिरतो. कोठीत धान्या-तेलाचे रांजण तसेच उभे आहेत. एका घरात वरच्या मजल्यावर शौचालय आहे, त्याचा नळ भिंतीतून उतरून रस्त्याखालच्या गटाराला मिळतो! माणसांचे सांगाडे मात्र इथे सापडलेले नाहीत. आधी भूकंप झाला, लोकांनी पडझड आवरायला घेतली, खाटा बाहेर काढल्या, आणि मग सगळं टाकून निघून गेले. खाटांचं लाकूड कुजून राखेत पोकळी राहिली होती. तिच्यात प्लास्टर ओतून त्यांचे साचे काढले आहेत. भित्तिचित्रं मात्र जागेवर शोधू नका. काही फिरा गावातल्या संग्रहालयात आहेत, आणि ‘वसंत’सारखी गाजलेली चित्रं अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात. ती आधी बघून गेलात तर रिकाम्या भिंती बोलायला लागतात.

आता नाक्सोस. बोट बंदराला लागायच्या आतच पोर्तारा दिसते: इ.स.पू. सहाव्या शतकात अर्धवट सोडलेल्या अपोलोच्या मंदिराची संगमरवरी चौकट. तिकीट नाही, कुंपण नाही. वर कास्त्रोच्या, म्हणजे जुन्या किल्ल्याच्या गल्ल्या, तेराव्या शतकात व्हेनिसच्या मार्को सानुदोने इथे राज्य थाटलं तेव्हापासूनच्या. बेटाच्या उत्तर टोकाला अपोलोनासजवळ जुन्या खाणीत साधारण साडेदहा मीटरचा एक पुतळा आडवा पडला आहे, अर्धा कोरलेला. उठवलाच नाही कोणी. छिन्नी कुठे थांबली ते हाताच्या अंतरावरून दिसतं.

पण नाक्सोसचं खरं वजन डेलोसमुळे आहे. डेलोस म्हणजे अपोलोचं जन्मस्थान मानलेलं ओसाड बेट, १९९० पासून जागतिक वारसा. तिथे मुक्काम करता येत नाही. बोटीने जायचं आणि बोटीनेच परतायचं. उन्हाळ्यात नाक्सोसहून दिवसभराच्या सहली निघतात, रोज नव्हे; नाहीतर मिकोनोसला एक रात्र काढा, तिथून अर्ध्या तासाचं अंतर. डेलोसचे प्रसिद्ध दगडी सिंह नाक्सोसच्या लोकांनीच अर्पण केले होते, आपल्याच बेटाच्या संगमरवरात. उघड्यावर आहेत त्या प्रतिकृती. (मूळ सिंहांतला एक व्हेनिसला आर्सेनलच्या, म्हणजे तिथल्या जुन्या जहाजकारखान्याच्या दारात बसलाय, नंतर बसवलेल्या डोक्यासह.) अक्रोतिरी तास-दीड तासात होतं, डेलोसला परतीची बोट येईपर्यंतचा वेळ अपुरा वाटतो.

सोबत आई-बाबा असतील तर हिशेब बदलतो. अक्रोतिरीला सावली आहे, वाट सपाट आहे. डेलोसला ना झाड ना आडोसा, पायाखाली ओबडधोबड दगड. जुलै-ऑगस्टमध्ये ज्येष्ठांना तिथे नेऊ नये. राहण्याचं नेमकं उलटं. सँटोरिनीला ईया किंवा फिरा गावात कड्यावरची खोली घेतलीत की बॅगा आणि गुडघे दोन्ही पायऱ्यांवर. शिवाय भाडं सणसणीत, आणि ईयाच्या सूर्यास्ताला सिद्धिविनायकाची मंगळवारची रांग. नाक्सोसच्या बंदराकाठी सपाट चालणं, समोर जेवण, जवळच वाळूचा किनारा.

शाकाहारी मंडळींचं दोन्हीकडे भागतं. सँटोरिनीचा ‘फावा’ म्हणजे आपल्या लाखेच्या डाळीच्या जातकुळीतल्या दाण्याचं घट्ट वरण, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. नाक्सोसचे बटाटे आणि ग्राविएरा चीज नावाजलेले. ‘नीस्तीसिमो’ म्हणजे उपवासाचं, असं सांगून मागवलंत तर मांस आणि दूध टळतं, पण कोळंबी आणि ऑक्टोपस त्यांच्या उपवासाला चालतात. तेवढं विचारून घ्या.

दोन्ही बेटं जमत असतील तर आधी नाक्सोस: अथेन्सच्या पिरेयस बंदराहून मोठ्या फेरीबोटीने पाच-साडेपाच तास. मग दोनेक तासांवर सँटोरिनी, तिथे एक-दोन रात्री पुरेत, आणि तिथूनच विमानाने अथेन्स. मे किंवा सप्टेंबरचा शेवट धरा. भर उन्हाळ्यात मेल्टेमी वारा सुटला की बोटी बंदरातच अडकतात, म्हणून मुंबईच्या विमानाआधीची एक रात्र अथेन्समध्येच काढा.