रानरेड्याची शिकार: .३७५ घ्यावी की .४१६?

आधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या रानात गवा कितीही दिसला तरी त्याच्यावर बंदूक रोखणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. इथं विषय आहे तो आफ्रिकेतल्या रानरेड्याचा, म्हणजे केप बफेलोचा, आणि त्याच्यासाठी रायफल .३७५ घ्यावी की .४१६ याचा (हे आकडे म्हणजे नळीचा साधारण व्यास, इंचांत). झिंबाब्वे, टांझानिया, मोझांबिक, नामिबिया या देशांत परवाना काढून त्याची कायदेशीर शिकार करता येते. केनियात १९७७पासून बंदी आहे, तेव्हा नैरोबीत पाहुणे आहेत म्हणून तिथला बेत आखू नका.

बेळगावात रायफलीबद्दल मत नसलेला माणूस मिळणं अवघड. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच इथं असल्यामुळे गल्लीत एखादे निवृत्त सुभेदारसाहेब असतातच, आणि त्यांचा प्रश्न ठरलेला: फौजेतल्या सेव्हन-सिक्स-टूनं (७.६२ मिमी) माणूस आडवा होतो, मग रेडा का होऊ नये? ती गोळी साधारण साडेनऊ ग्रॅमची असते. सातशे किलोच्या जनावराच्या खांद्याचं हाड फोडून पुढे फुप्फुसापर्यंत सरळ जायला ती फार हलकी पडते. वाटेत वळते, थांबते किंवा फुटते. शिवाय कायदाही आडवा येतो. झिंबाब्वेत रानरेडा, हत्ती आणि पाणघोड्यासाठी गोळीचा व्यास किमान ९.२ मिमी आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा किमान ५.३ किलोज्यूल लागते. म्हणजे आपल्याकडच्या परवान्यांवर दिसणारी .३१५सुद्धा बाद.

उरतात त्या दोन खऱ्या उमेदवार. .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम १९१२ची, .४१६ रिग्बी त्याच्या आदल्या वर्षीची. .३७५ची ३०० ग्रेनची, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपासची गोळी सेकंदाला साधारण ७६५ मीटर वेगानं सुटते. ऊर्जा ५.७ किलोज्यूलच्या घरात. .४१६ची गोळी ४०० ग्रेनची, जवळपास सव्वीस ग्रॅम. तिचा वेग ७३० मीटर आणि ऊर्जा ६.९ किलोज्यूल. कागदावर .४१६ सरळ पुढे आहे. ज्यांनी दोन्ही वापरल्यात तेही म्हणतात की .४१६ची गोळी लागल्यावर रेडा जास्त हलतो. ते मला मान्य आहे.

तरीही बेळगाव, निपाणी, चिकोडीकडचा कुणी आयुष्यात एकदा जाणार असेल तर मी त्याला .३७५च घ्यायला सांगेन. कारण खांदा. गोळी सुटताना चार किलोच्या .३७५चा खांद्याला बसणारा झटका .३०-०६ या हरणाच्या शिकारीतल्या नेहमीच्या रायफलीच्या साधारण दुप्पट असतो, तर .४१६चा तिप्पट. हा झटका काही अमानुष नाही, सवयीनं सोसता येतो. पण ती सवय करायची कुठे? आपल्याकडे .४१६ची काडतुसं आणून आठवड्याला वीस-तीस झाडायची सोय नाही. सवय नसलेला माणूस पहिल्या दोन गोळ्यांनंतर घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटतो आणि खांदा पुढे ढकलतो. साठ मीटरवरून गोळी एक वीत मागे गेली की ती काळजाऐवजी पोटात लागते. पोटात गोळी बसलेला रेडा झुडपात शिरून उभा राहतो, आणि त्याच्या मागे कुणाला तरी जावंच लागतं. एक किलोज्यूल जास्त असल्यानं ती वीत भरून निघत नाही.

.३७५चा आणखी एक फायदा. तिची गोळी ज्या वाटेनं जाते ती .३०-०६च्या १८० ग्रेनच्या गोळीच्या वाटेशी बरीच जुळते. त्यामुळे दोनशे मीटरवरचा कुडू (मोठं आफ्रिकी हरीण) किंवा झेब्राही त्याच रायफलीनं होतो, दुसरं हत्यार लागत नाही. .४१६नंही होतो म्हणा, पण तिथं झटका फुकटचा सोसायचा. उलट, दरवर्षी जाणारा, अंगानं दणकट आणि हत्तीचाही विचार करणारा असेल तर त्यानं खुशाल .४१६ घ्यावी. रिग्बीचं काडतूस अवाढव्य आहे, कारण उष्ण हवेत जुन्या कॉर्डाइट दारूचा दाब वाढू नये म्हणून आत मोकळी जागा ठेवलेली असे. त्यामुळे रायफलही मोठी आणि महाग. तेच काम लहान काडतुसात करणारी .४१६ रेमिंग्टन १९८८ साली आली. दाब जास्त, पण आजच्या दारूला तो चालतो.

.४५८ विंचेस्टर १९५६ची. ५०० ग्रेनची जड गोळी, वेग बेताचा, जवळच्या मारासाठी ठीक. ती आपल्या मागे उभ्या असलेल्या व्यावसायिक शिकाऱ्याच्या हातात शोभते.

दुनळी .४७०चं आकर्षण मात्र मला समजतं. ती जन्मलीच मुळी हिंदुस्थानामुळे. १९०७च्या सुमारास इंग्रज सरकारनं .४५०च्या रायफली इथं आणायला बंदी घातली, कारण तशाच व्यासाची गोळी फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीत चालत होती आणि ती बंडखोरांच्या हाती पडण्याची धास्ती होती. मग इंग्लिश कारागिरांनी .४६५, .४७० असे वेगळे व्यास काढले. दुनळीत दुसरी गोळी बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) न ओढता तत्काळ सुटते, आणि दोन नळ्यांना दोन स्वतंत्र यंत्रणा असतात. वीस पावलांवर अंगावर येणाऱ्या जनावरासमोर यापेक्षा चांगलं काही नाही. पण नळ्या एकाच विशिष्ट काडतुसाला जुळवलेल्या असतात, शंभर मीटरपुढे भरवसा नाही, आणि नामांकित इंग्लिश घराण्याची नवी दुनळी घ्यायची तर त्या पैशांत टिळकवाडीत फ्लॅट येईल.

म्हणजे बोल्टचीच रायफल. त्यात एक गोष्ट बघा: बोल्टचा पंजा काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच त्याची कड पकडतो का? १८९८च्या माउझरची ही पद्धत. घाईत बोल्ट अर्धाच पुढे नेऊन मागे ओढला तरी ते काडतूस पंजातच राहतं आणि बाहेर पडतं. दुसऱ्या पद्धतीत पहिलं आत सुटून राहतं आणि दुसरं त्याच्यावर जाऊन अडकतं. हरणाच्या शिकारीत फरक पडत नाही, इथं पडतो. जुनी विंचेस्टर मॉडेल ७० १९६४च्या आधीची असेल तर तिच्यात हा पंजा आहे. झेक सीझेड ५५०तही आहे.

विकत घेण्याच्या भानगडीत पडू नका. २०१९च्या दुरुस्तीपासून एका परवान्यावर दोनच हत्यारं ठेवता येतात. त्यातली एक जागा बेळगावात कधीच न झाडल्या जाणाऱ्या रायफलीनं कशाला अडवायची? सफारी चालवणाऱ्याकडून भाड्यानं घ्या, आणि पैसे भरायच्या आधी त्याला तीन गोष्टी विचारा. दस्त्याची लांबी किती? त्या रायफली बहुधा उंच गोऱ्यांच्या मापाच्या असतात. साडेपाच फुटांच्या माणसाला लांब दस्ता खांद्यात नीट बसत नाही, आणि मान पुढे काढून नेम धरला की स्कोपच्या कडेनं भुवई फाटते. आखूड दस्ता किंवा जास्त मागे डोळा ठेवता येणारी स्कोप मागून घ्या. काडतुसं कोणती? पहिली गोळी फुलणारी, मऊ टोकाची, म्हणजे कळपात पलीकडचा रेडा जखमी होण्याचा धोका कमी. त्यामागची न फुलणारी, घट्ट, कारण दुसऱ्या वेळी जनावर पाठमोरं पळत असतं आणि गोळीला आरपार खोल जावं लागतं. दोन्ही त्याच रायफलीत एकाच ठिकाणी लागतात का, हे पहिल्याच दिवशी पुठ्ठ्यावर झाडून बघा. तिसरं, नेम किती मीटरला लावलाय. पन्नास ते पंच्याहत्तरच्या पलीकडचं उत्तर आलं तर पन्नास-पंच्याहत्तरलाच पुन्हा लावून घ्या.

निघण्याआधी घरी एअर रायफल घ्या आणि बांबूच्या तीन काठ्यांचं तिकाटणं करून त्यावर उभ्यानं नेम धरायची सवय लावा. आफ्रिकेत बसून, निवांत झाडायला कुणी देत नाही, आणि सुभेदारसाहेबांना झोपून मारायची सवय असते, तेव्हा त्यांनाही हे पटवावं लागेल.