पुठ्ठा, मखमल आणि एक स्टेप-अप रिंग: घरी बनवलेल्या लेन्स हूडचे आठ महिने

माझी ५० मिमीची जुनी मॅन्युअल लेन्स फार गोड चित्र देते, पण तिचं कोटिंग जुन्या काळचं, एकपदरी. सूर्य फ्रेमच्या जरा बाहेर असला की अख्ख्या फोटोवर दुधाळ पडदा चढतो आणि काळेभोर केस राखाडी दिसतात. लेन्स हातात आली ती हूडशिवायच, म्हणजे बाजूचा प्रकाश अडवायला लेन्सच्या तोंडावर बसवतात त्या नळीशिवायच. तयार मिळालेलं रबरी हूड इतकं आखूड होतं की ते असून नसून सारखंच. म्हणून स्वतः बनवायला घेतलं. आता आठ महिने रोज वापरल्यावर लिहितोय.

मापाचं गणित वाटतं तेवढं अवघड नाही. हूडच्या तोंडाचा व्यास किमान किती हवा? पुढच्या काचेच्या व्यासात ‘हूडची लांबी × सेन्सरचा कर्ण ÷ फोकल लेंथ’ एवढं मिळवायचं. फुल फ्रेमचा, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा, कर्ण ४३.३ मिमी. माझी पुढची काच ३८ मिमीची, हूड ३० मिमी लांब ठरवलं, फोकल लेंथ ५०, म्हणजे ३८ अधिक २६, झाले ६४ मिमी. लेन्सचा फिल्टर थ्रेड ४९ चा आहे, म्हणून ४९-६७ ची स्टेप-अप रिंग (लहान थ्रेडवर मोठ्या मापाची वस्तू बसवायची कडी) घेतली आणि तिच्याभोवती जाड काळ्या पुठ्ठ्याची नळी गुंडाळून चिकटवली. फोकल लेंथ तीच ठेवून कॅमेरा एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरचा, असेल तर कर्ण साधारण २८ मिमी धरायचा. तिथे याच तोंडाचं हूड बरंच लांब करता येतं आणि ते तेवढंच जास्त काम करतं.

पहिला महिना मात्र निराशेत गेला. माप बरोबर, कोपरे स्वच्छ, तरी पडदा म्हणावा तसा हटेना. मग एका संध्याकाळी हूड काढलं, तोंड दिव्याकडे थोडं तिरपं धरलं आणि लेन्सच्या बाजूने आत डोकावून पाहिलं. ज्या पुठ्ठ्याला मी काळा समजत होतो, त्याची आतली भिंत चक्क चांदीच्या पट्टीसारखी चमकत होती. प्रकाश पृष्ठभागाला घासून जाणाऱ्या कोनात आला की मॅट काळासुद्धा आरशासारखा वागतो, आणि हूडच्या आत प्रकाश नेमका त्याच कोनात येतो. स्प्रेचा मॅट काळा रंग मारून पाहिला, फरक पडला पण थोडाच. शेवटी पाठीला गोंद असलेला काळा मखमली कागद आतून लावला. पुन्हा दिव्यासमोर धरलं तर आत नुसता अंधार. त्याच खिडकीसमोर, त्याच एक्स्पोजरला काढलेले दोन फोटो शेजारी ठेवले, तेव्हा सावल्यांमधला काळा पहिल्यांदा खरा काळा दिसला. मला तर हूडच्या आकाराइतकंच त्याचं अस्तर महत्त्वाचं वाटतं, आणि विकतच्या हूडांमध्येही सर्वांत जास्त हयगय तिथेच होते.

मखमलीचा त्रास एकच: कापलेल्या कडेतून बारीक तंतू सुटतात आणि थेट काचेवर बसतात. आता कडेवर काळ्या रंगाचा पातळ हात फिरवतो आणि लेन्सवर चढवण्याआधी चिकटपट्टी दाबून सगळे सुटे तंतू उचलून घेतो. तरी दर दोन-तीन आठवड्यांनी ब्लोअर लागतोच.

तिसऱ्या महिन्यात तोंडावर वर-खाली ६-६ मिमीच्या पट्ट्या लावल्या. फ्रेम आडवी असते, तोंड गोल, त्यामुळे आकाशाकडून येणारा बराचसा नको असलेला प्रकाश वरच्या मोकळ्या जागेतूनच शिरतो. पट्ट्या चिकटवायच्या त्या हूड लेन्सवर पूर्ण आवळल्यानंतरच, कारण थ्रेड कुठल्या कोनात थांबेल ते आधी सांगता येत नाही. फोकस करताना लेन्सचं तोंड फिरत असेल तर हा नाद सोडा. अशा लेन्सवर पाकळ्यांचं (तोंडाची कड लांब-आखूड कापलेलं) हूडही चालत नाही, लांब पाकळी फिरून कोपऱ्यात येते. तिथे साधं गोलच बरं.

तपासणी अशी करतो: फोकस अनंतावर, समोर एकसारखी पांढरी भिंत, एक फोटो सर्वांत मोठ्या अ‍ॅपर्चरला आणि एक एफ/१६ ला, म्हणजे प्रकाशाचं छिद्र बारीक करून. छोट्या अ‍ॅपर्चरला हूडची कड आत आली तर ती स्पष्ट दिसते. मोठ्याला कोपरे नुसते हळूच काळवंडतात, म्हणून तो फोटो हूड काढून घेतलेल्या फोटोशी ताडून पाहावा लागतो.

मधे थ्रीडी प्रिंट केलेलं हूडही वापरलं, पीएलए नावाच्या प्लास्टिकचं. दिसायला देखणं, थ्रेडसुद्धा नीट बसला. एका दुपारी बंद गाडीत उन्हात राहिलं आणि अंडाकृती होऊन बाहेर आलं. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. पुन्हा केलंच तर पीईटीजी या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये करेन, ते साधारण ८० पर्यंत तग धरतं. आत मखमल त्यालाही लागेलच.

पुठ्ठ्याला पावसाचं वावडं आहे. बाहेरून कापडी काळी टेप गुंडाळली तेव्हापासून शिंतोडे सोसतं. पाचव्या महिन्यात कॅमेरा दगडी पायरीवर तोंडावर आदळला. पुठ्ठा चेपला, काचेला ओरखडाही नाही. तासाभरात नवी नळी गुंडाळली, रिंग तीच ठेवली. पोलरायझर (चकाकी कमी करणारा, फिरवून जुळवायचा फिल्टर) फिरवायला मात्र अजून दर वेळी हूड काढावं लागतं. पुढच्या नळीत खालच्या बाजूला बोट जाईल एवढी खिडकी आणि तिच्यावर सरकती मखमली पट्टी करायची आहे.